नळीचं दुसरं टोक

नसरापूर फाट्यावरची वडापची रिक्षा माणसं ठासून भरल्याशिवाय हलत नाही, हे ठाऊक असूनही नूतन त्या सकाळी ड्रायव्हरच्या पाठीकडे रागानं बघत बसली होती. गवंडीकामाच्या प्रशिक्षणाचा तिचा पहिला दिवस. भाटघरहून भोर, भोरहून एसटीनं फाटा, आणि आता हा खोळंबा... अंगावर नवा पिवळा ड्रेस, मांडीवर जेवणाचा डबा. उशीर झाला तर सगळ्या पोरांच्या नजरा झेलत आत शिरावं लागेल, या विचारानं तिचा जीव खालीवर होत होता.

शेवटच्या जागेवर एक मुलगा अंग चोरत घुसला. त्याच्या खांद्यावर पारदर्शक नळीचं भलंमोठं वेटोळं होतं. नळीत पाणी भरलेलं, आणि तिच्या एका तोंडावर त्यानं अंगठा असा दाबून धरला होता, की जणू आत साप आहे. दुसरं तोंड कुठं आहे याचा त्याला पत्ता नव्हता. ते नूतनच्या डब्याशेजारी आरामात लोंबत होतं.

रिक्षा निघाली. ड्रायव्हरनं रिक्षा चालवता चालवताच भाड्यासाठी मागं हात केला. मुलानं खिशात हात घालायला अंगठा उचलला आणि नळीतलं पाणी भळाभळा नूतनच्या मांडीवर आलं.

तो इतका गोंधळला, की आधी त्यानं तिच्या डब्यावरचं पाणी पुसलं, मग आठवून पुन्हा नळीचं तोंड दाबलं. पाणी थांबलं.

“फाट्यावरच्या दुकानदारानं भरून दाखवली हो... गळते का बघायला,” तो म्हणाला. “म्हटलं, भरलीच हाय तर कशाला सांडायची.”

“म्हणून माझ्यावर सांडली व्हय?”

“न्हाई म्हंजे... ठरवून न्हाई.”

नूतनला हसू आलं होतं, पण एवढ्या लवकर हसायचं नाही असं तिनं ठरवलं. “आता उतरेपर्यंत अंगठा काढू नका,” तिनं फर्मावलं.

त्यानं खरोखरच काढला नाही. भाडं उतरल्यावर दिलं, तेही डाव्या हातानं उजव्या खिशात अशा काही कसरती करत, की ड्रायव्हरसुद्धा वैतागायचं विसरला. आणि दोघं उतरले ते एकाच दारासमोर. वेल्ह्याच्या रस्त्यावर तांदळाची एक बंद पडलेली गिरणी होती, तिच्या शेडमध्ये प्रशिक्षण भरत होतं. ओल्या ओढणीनं नूतन आत गेली तेव्हा सगळ्या पोरांनी तिच्याकडे बघितलंच. मागून नळीवाला आला, तेव्हा ती का भिजली हे कुणी विचारायची गरज उरली नाही.

त्याचं नाव अमृत. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीतला. थोरल्या भावाचं लग्न झालं आणि घर पुरेना, म्हणून शेजारी एक खोली आपल्या हातानं बांधायची असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी तो हे काम शिकायला आला होता, आणि पुढं पोटापाण्यालाही तेच धरायचं होतं.

नूतनचं येणं एवढं सरळ नव्हतं. तिची आई, धोंडाबाई, जन्मभर बिगारी. भोरपासून फाट्यापर्यंत बंगले उठले, दुकानं उठली, त्यातल्या कितीतरी भिंतींचा माल धोंडाबाईच्या डोक्यावरून गेला होता. पण गवंड्याची थापी कधी तिच्या हातात आली नाही. बांबूच्या परांचीवर उभा असलेला गवंडी ‘माल’ म्हणून ओरडायचा आणि बाईमाणसानं घमेलं पोचवायचं, ही रीत. नूतन बारावी झाली तेव्हा गावातले धनाजी ठेकेदार चांगुलपणानंच म्हणाले होते, की पोरीला पाठव, अजून एक घमेलं लागतंच आहे. त्यावर नूतननं चहाच्या टपरीसमोर, चारचौघांत सांगून टाकलं, की ती कामावर आली तर थापी घेऊन येईल, नाहीतर येणारच नाही. ठेकेदार पोटभर हसले. पण माणूस शब्दाचा होता. शिकून ये, काम दाखव, पटलं तर सारोळ्याच्या कामावर गवंडी म्हणून घेतो, असं तेही चारचौघांतच म्हणून बसले. तेव्हापासून सगळं गाव वाट बघत होतं, ती कधी जिंकते त्याची किंवा कधी तोंडघशी पडते त्याची.

गिरणीत भाताच्या कोंड्याचा वास अजून होता. त्या वासात पोरं विटा रचायची, पाडायची, पुन्हा रचायची. शिकवायला जगन मिस्त्री होते. अंगानं वाळकुडे, बोलणं मोजकं, आणि भिंत वाकडी दिसली की न बोलता पायानं ढकलून देणारे. पहिल्या आठवड्यात नूतनच्या भिंती त्यांनी इतक्या पाडल्या, की ती रडवेली व्हायची राहिली होती.

अमृत रोज सकाळी न चुकता विचारायचा, “वाळली का ओढणी?”

“वाळली. तुमी लांब बसा.”

मग तो लांब बसायचा... आणि जेवायच्या सुट्टीत हळूहळू जवळ यायचा. त्याच्या डब्यात त्यांच्याकडचा घरचा भात, तिच्या डब्यात धरणातल्या मासळीचं कालवण. भाताला कालवण हवं आणि कालवणाला भात, एवढ्या साध्या कारणावरून दोन डबे एकत्र आले. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो माल कालवायला लागला की गुणगुणायचा, आणि सूर इतका बेसूर असायचा, की नूतन थापी आपटून त्याला गप्प करायची. तो एखाद दिवस आला नाही, की मात्र तिला शेड उगाच मोठी वाटायची. हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

ती नळी अर्थातच पातळी काढायची होती. जमीन कशीही असो, नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. एकानं खुणेशी एक टोक धरायचं, दुसऱ्यानं लांब जाऊन दुसरं, पाणी थांबलं की तिथं खूण करायची. काम सोपं, अट एकच. दोन्ही तोंडं उघडी हवीत. चालताना पाणी सांडू नये म्हणून अंगठा लावतात, तो खूण करताना काढायलाच हवा.

“पाणी खोटं बोलत न्हाई,” मिस्त्री म्हणायचे. “पण त्याचं तोंड दाबलं तर खरं बी बोलता येत न्हाई त्याला.”

म्हणून त्यांनी एक रीतच घालून दिली होती. मूळ खुणेशी जो उभा असेल त्यानं ओरडून विचारायचं, “अंगठा?” पलीकडच्यानं अंगठा उचलून उत्तर द्यायचं, “काढला.” त्याशिवाय खूण करायची नाही. शेडमध्ये दिवसभर हाच घोष चालायचा. अमृतला अंगठ्याची खोड रिक्षातल्या त्या दिवसापासूनच लागली होती. तो निम्म्या वेळा विचारल्यावरच काढायचा. नूतन म्हणायची, की तुझा अंगठा तिथंच चिकटलाय.

प्रशिक्षणाच्या शेवटी खरं काम करून दाखवायचं होतं, आणि नूतनच्या नशिबानं ते तिच्याच गावात निघालं. सार्वजनिक नळाभोवती सिमेंटच्या कोब्याचा ओटा घालायचा होता. काम नूतन आणि अमृतच्या वाट्याला आलं. धनाजी ठेकेदारांनी निरोप धाडला, की ओट्यावर पाणी ओतून बघायला ते स्वतः येतील, आणि पाणी बरोबर गटारात गेलं तर पोरीनं सोमवारी सारोळ्याला थापी घेऊन यावं.

मिस्त्रींना त्या दिवशी भोरला काम होतं. दोघांनाच सोडून ते गेले, ते मुद्दामच, असं अमृतचं मत.

नळाच्या एका अंगाला म्हाताऱ्या अंबूबाईंचं घर होतं, उंबऱ्याला लागून ओटा सुरू होणार होता. दुसऱ्या अंगाला गटार. पातळी काढायची आणि गटाराकडं थोडा ढाळ द्यायचा, म्हणजे सांडलेलं पाणी तिकडं पळेल. नूतन अंबूबाईंच्या उंबऱ्याशी एक टोक धरून उभी राहिली. अमृत दुसरं टोक घेऊन गटारापाशी गेला. ऊन कोवळं होतं, धरणावरून गार वारा येत होता, नूतननं पहिल्या दिवशीचा पिवळा ड्रेस घातला होता. अमृत तिकडून म्हणाला, “ह्या ड्रेसवर माझं पाणी हाय बरं का.”

“त्याचा डाग ऱ्हायलाय अजून.”

“पाण्याचा कुठं डाग पडतो?”

“तुझ्या पाण्याचा पडलाय...”

असंच काहीबाही चाललं होतं. खुणा झाल्या, दोऱ्या ताणल्या, माल पडला. नूतननं गुडघ्यावर बसून तो कोबा असा घोटला, की अंबूबाईंची कोंबडी त्यावर पाऊल टाकायलाही बिचकली. गाव मुळातच उतारावरचं. ओटा कुणीकडं कलतोय हे नुसत्या डोळ्यांना कळणं अवघड होतं.

कोबा सुकला आणि ठेकेदार आले. जगन मिस्त्री आले. धोंडाबाई कामावरून खाडा करून आली होती, डोक्यावरची चुंबळ तशीच हातात धरून उभी राहिली. ठेकेदारांनी स्वतः बादली उचलली आणि नळाखाली ओतली.

पाणी क्षणभर घुटमळलं. मग वळलं आणि शांतपणे, कुणाला काही न विचारता, अंबूबाईंच्या उंबऱ्यावरून त्यांच्या घरात गेलं.

अंबूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी पाय वर घेतले. “या,” त्या पाण्याला म्हणाल्या. “बसा.”

लोक हसले. ठेकेदार मात्र हसले नाहीत, आणि नूतनला तेच जास्त लागलं. ते हळू आवाजात म्हणाले, की पोरी, हात चांगला आहे तुझा, पण हे असं असतं. घमेलंही काही वाईट नाही, तुझ्या आईनं त्यावरच संसार केला. धोंडाबाईनं मान खाली घातली. तिला वाटलं होतं, की हरले तर आपण एकटीच हरू. आईची मान खाली जाईल, हे तिनं धरलंच नव्हतं.

तिनं कोपऱ्यातली नळी उचलली, पाणी भरलं, एक टोक अमृतच्या हातात दिलं आणि म्हणाली, “चल, परत बघू.”

तो गटारापाशी गेला, ती उंबऱ्याशी. पाणी तिच्या खुणेवर बरोबर थांबलं. पलीकडं त्याच्या खुणेवरही बरोबर. पातळीत तर चूक नव्हती... मग पाणी उलटं का आलं? नूतननं आपलं टोक खुणेशी आईच्या हातात दिलं आणि नळीच्या कडेकडेनं चालत ती गटारापर्यंत गेली. अमृत इमानदारीत नळी धरून उभा होता. आणि नळीच्या तोंडावर त्याचा अंगठा होता.

रिक्षातली ती सकाळ नूतनच्या डोळ्यांपुढं लख्ख उभी राहिली.

“अमृत,” ती म्हणाली. “अंगठा काढ.”

त्यानं खाली बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अंगठा उचलला तसं त्याच्या टोकातलं पाणी सरसर खाली गेलं आणि खुणेच्या चांगलं चार बोटं खाली जाऊन थांबलं. गटाराकडची बाजू तेवढी उंच झाली होती. आता तिथं असलेल्या प्रत्येकाला ते दिसलं.

अमृतनं नळी खाली ठेवली आणि तो ठेकेदारांसमोर जाऊन उभा राहिला. “चूक माझी हाय,” तो म्हणाला. “खूण म्या केली, चुकीची केली. तिनं माझ्या खुणेपरमाणं कोबा घातला. तिला घ्या कामावर. माझं ऱ्हाऊ द्या.”

ठेकेदारांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री नूतनकडं बघत होते, आणि ते कशाची वाट बघतायत हे नूतनला कळलं. तोंड मिटून राहिली असती तर तिचं काम होऊन गेलं असतं. अख्ख्या गावानं अमृतला नावं ठेवली असती आणि सोमवारी ती थापी घेऊन सारोळ्याला गेली असती.

“विचारायचं काम माझं होतं,” ती म्हणाली. “अंगठा काढला का, ते म्या विचारलं न्हाई. चूक दोघांची हाय. उद्या फोडून परत घालतो. मग ठरवा.”

“पण विचारलं का न्हाईस?” ठेकेदारांना खरंच कळेना. “एवढी रोजची रीत... विसरलीस कशी?”

नूतननं खाली पडलेली नळी गुंडाळायला घेतली. अमृत आपल्या चपलांकडे बघायला लागला. आणि दारात पाय वर घेऊन बसलेल्या अंबूबाई शांतपणे म्हणाल्या, “म्या सांगते. त्या दिवशी हितंच बसली होती मी. ही बी पाण्याकडं बघत नव्हती, अन् त्यो बी बघत नव्हता.”

आता मात्र ठेकेदार हसले. मिस्त्रींनी तोंडावर हात घेतला. नूतनला त्या नळाखालच्या खड्ड्यात शिरावंसं वाटलं, पण तो तिनंच कोबा घालून बुजवला होता. आईकडे बघायची तर तिची हिंमतच झाली नाही. ठेकेदारांनी एक दिवस दिला, तो ओट्यासाठी की अंबूबाईंच्या करमणुकीसाठी, हे त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून कोबा फोडला. आपल्याच हातानं घोटलेलं काम फोडताना जीव तुटतो; पण मजा अशी, की घण मारता मारता दोघांनाही मधूनच हसू फुटत होतं. बऱ्याच वेळानं अमृत घण टेकवून उभा राहिला.

“आजी म्हणल्या ते माझ्यापुरतं खरं हाय,” तो म्हणाला. “रिक्षातल्या दिवसापासून खरं हाय. तुझं... मला म्हाईत न्हाई.”

नूतननं एक तुकडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा टाकला.

“अंबूबाईंच्या नजरेत अजून काई दोष न्हाई,” ती म्हणाली.

हे कळायला त्याला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतका खूश झाला, की उरलेला कोबा त्यानं एकट्यानं फोडला, आणि वर गाणंही म्हटलं. नूतननं त्या दिवशी त्याला गप्प केलं नाही.

माल कालवायच्या वेळी धोंडाबाई आली. तिनं पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, अमृतनं कालवलेला माल घमेल्यात भरून घेतला आणि नूतनपाशी आणून उभी राहिली. नूतनच्या हातात थापी होती.

“ओरड की,” धोंडाबाई म्हणाली. “गवंडी ओरडतो.”

“माल,” नूतन म्हणाली. पण आवाज कसला निघतोय. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. धोंडाबाईनं घमेलं ओतलं आणि परत फिरता फिरता पोराकडं बोट करून म्हणाली, “माल बरा कालवतो.” धोंडाबाईनं आयुष्यात कुणाच्या मालाला बरं म्हटलेलं नूतनला आठवत नव्हतं.

कोबा सुकला, ठरल्याप्रमाणे ठेकेदार आले, बादली ओतली. पाणी नळाखालून निघालं आणि सरळ गटारात गेलं. तरी त्यांनी आणखी एक ओतली. तीही गेली. अंबूबाईंनी कोरड्या उंबऱ्यावर हात फिरवून बघितला आणि पाणी आता येत नाही म्हणून थोडी नाराजीच दाखवली. ठेकेदार निघताना एवढंच म्हणाले, की सोमवारी लवकर या, दोघंही, आणि थाप्या आपापल्या आणा. आणि नळी मात्र मिस्त्री धरतील.

अमृतनं मग बरेच दिवस धीर गोळा केला. सारोळ्याच्या कामावर एका दुपारी त्यानं विषय काढला, तोही थेट नाही. म्हणाला, की घरी खोलीचा पाया भरून झालाय, आता जोत्याची पातळी घ्यायची आहे.

“मग घे की.”

“एकट्याला येती व्हय घेता? दुसरं टोक कोण धरंल?”

“भावाला सांग.”

“भाऊ आज धरंल,” तो म्हणाला. “मला... कायमचं बघायचंय.”

नूतननं विटेवर माल पसरला, वीट बसवली, थापीच्या मुठीनं ठोकली. “आईला घेऊन येते,” ती म्हणाली. “तिला पटलं पायजे. माल, अन् बाकीचं पण.”

त्या रविवारी धोंडाबाई आणि नूतन वेल्ह्यापलीकडं अमृतच्या वाडीत गेल्या. पोरगी बघायला माणसं येतात. इथं पोरगीच नळी घेऊन घर बघायला आली होती, याची त्या वाडीत फार चर्चा झाली. अमृतच्या आईनं आंगणात घोंगडी अंथरली. थोरली माणसं चहा घेत बसली, आणि सगळ्यांच्या देखत नूतन जोत्याच्या या कोपऱ्याला उभी राहिली, अमृत त्या कोपऱ्याला. मध्ये नळी. नळीत पाणी डुलत होतं.

“अंगठा?” नूतननं मोठ्यानं विचारलं.

अमृतनं अंगठा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा हवेत धरला.

“काढला.”

पाणी डुलता डुलता थांबलं. नूतननं या वेळी ते नीट बघितलं, खडूनं खूण केली, आणि मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो आधीपासूनच बघत होता.